राजाच्या गळ्यावरची रेघ

१

आम्ही जुम्म्याची नमाज पढून परतलो तेव्हा राजाला तोंड उरलं नव्हतं.

राजा म्हणजे चुनखडीच्या दगडात कोरलेला, मिसर देशाचा, तीन हजार वर्षांपूर्वीचा. कुवेत शहराबाहेर फिंतास नावाच्या गावात समुद्राच्या काठी बू मजीद नावाच्या कुवेती व्यापाऱ्याचं घर होतं. त्या घरातल्या एका थंडगार खोलीत ही शिळा भिंतीला टेकवून उभी केली होती. शिळेवर डावीकडे राजा, त्याच्यामागे राणी, वर सूर्याची थाळी. सूर्यातून किरणं खाली उतरलेली आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला एक चिमुकला हात. बाळाला घास भरवावा तसा त्यातला एक हात राजाच्या नाकाशी काहीतरी धरून होता. महिन्यापूर्वीच मी या शिळेचा फोटो काढला होता. काळ्या कापडाखाली डोकं घालून मी भिंगातून पाहिलं आणि बराच वेळ बाहेर आलोच नाही. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आता तो हात तसाच होता, पण त्याच्यासमोर नाक नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसते छिन्नीचे घाव दिसत होते.

"या अल्लाह," बू मजीद म्हणाले आणि चौकटीला धरून खाली बसले.

खोलीत आम्ही पाचजण होतो. बू मजीद, मी, शाळेतले मिसरी चित्रकला शिक्षक उस्ताद हारून, ही शिळा बू मजीदना विकणारा मुंबईचा दलाल झहूर सेठ आणि घराची राखण करणारा महबूब. पहिला आवाज झहूर सेठचा आला.

"शेख साहब, इस कमरे की चाबी किसके पास रहती है?"

सगळ्यांनी महबूबकडे पाहिलं. महबूब माझा मेव्हणा, माझ्या बायकोचा थोरला भाऊ.

२

माझं नाव यूसुफ. कुवेतच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. फोटो मी काढतो असं पाटीवर लिहिलंय, पण खरं सांगायचं तर गिऱ्हाइकं येतात ती झुलेखामुळे, म्हणजे माझ्या बायकोमुळे. मागच्या खोलीत बसून ती बारीक पेन्सिलीनं निगेटिव्हवर हात फिरवते. देवीचे व्रण जातात, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात, कारकुनाचा साहेब होतो. लोक काय काय मागतात! म्हसळ्याचा एक नूरी गवंडी आहे, नव्या बंगल्यांच्या छतांना प्लास्टरची वेलबुट्टी काढून देतो. पासपोर्टचा फोटो काढून झाल्यावर तो झुलेखाला म्हणाला, "आपा, सरकारला द्यायचा तो तसाच ऱ्हाऊ दे. पन खोलीत लावायचा हाय त्याच्या गल्यावर एक रेघ मारून दे. म्हंजे तसवीर जिती ऱ्हात नाय." मला हसू आलं. झुलेखा हसली नाही, तिनं गुपचूप रेघ मारून दिली.

त्या शुक्रवारी, १९६३ च्या जानेवारीत, महबूबनं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. झुलेखा सकाळपासून मागच्या स्वयंपाकघरात कोळंबीच्या मागे लागलेली. मी नवाकोरा निळा शर्ट घालून बू मजीद आणि मंडळींबरोबर पन्नास पावलांवरच्या मशिदीत गेलो. त्या शर्टाचं पहिल्याच दिवशी वाटोळं झालं, ते सांगून टाकतो. खुतबा, म्हणजे नमाजेआधीचं प्रवचन, चालू असताना महबूब उशिरानं येऊन मागे बसला. थोड्या वेळानं माझ्या उजवीकडचा झहूर सेठ वुजू मोडला, म्हणजे नमाजेआधी हात-पाय धुऊन केलेली शुद्धी मोडली, म्हणून उठून गेला. असं कोणाचंही होतं, त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नाही. नमाजेसाठी रांग उभी राहताना तो परत आला तो कोपरांपर्यंत भिजूनच. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, त्यामुळे त्याच्या कोटाच्या ओल्या बाहीनं माझी बाही भिजवली. अल्लाहपुढे उभं राहून मी शर्टाचा विचार करत होतो, त्याची तौबा मी नंतर केली.

आता महबूबवर काय काय आलं ते ऐका. खोलीची चावी अंगणातल्या खिळ्याला असायची, पण सांभाळायची ती त्यानं. मशिदीत उशिरा पोहोचला तो. खोलीची फरशी ओली होती, म्हणजे कोणीतरी मागच्या खुणा पुसून काढल्या होत्या आणि पुसायचं काम त्याचंच. सगळ्यात वाईट म्हणजे त्या खोलीत नमाज पढायची वेळ आली की तो राजाच्या तोंडावर चादर टाकायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"ये कोकनी लोग बड़े कट्टर होते हैं, शेख साहब," झहूर सेठ हळहळत म्हणाला. "बुत देखा और तोड़ दिया."

बू मजीद उभे राहिले. त्यांच्या वडिलांची पेढी मुंबईला होती, त्यामुळे ते आमच्याशी हिंदीत बोलत. "महबूब, दस साल," एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले, "रविवारी बैरुतचे प्रोफेसर शिळा बघायला येतायत. त्यांना काय तोंड दाखवू मी? सोमवारी मुंबईची बोट आहे. तू तिच्यावर असशील. कागदावर कारण लिहिलं जाईल."

कारण लिहून हाकलणं म्हणजे पुन्हा या मुलखात पाय ठेवायचा नाही. महबूबनं हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही.

"मालक, मी काय केला नाय," तो म्हणाला. "बोटीवर चडवा, मी जातंव. पन हा डाग घेऊन दाभोलला कसा उतरू? बा माजा चालीस वरसं मशिदीत बांग देत होता. लोक बोलतील, त्याच्या पोरानं खाल्ल्या घरात हात मारला."

एवढ्यात हात पुसत झुलेखा दारात आली. तिनं भावाकडे पाहिलं, शिळेकडे पाहिलं आणि मग खाली वाकून बराच वेळ फरशीकडे पाहत राहिली.

"अवो," ती मला म्हणाली, "दगड फोडला तर कपच्या कुटं गेल्या?"

३

फरशीवर एकही कपची नव्हती. झहूर सेठ म्हणाला, झाडून टाकल्या असतील.

"पुन्य समजून जो फोडील, तो लपवील कशाला?" झुलेखा म्हणाली. "तो तर अंगनात उभा ऱ्हाऊन सांगील. आन राग आला म्हनून फोडला तर रानीला कशाला सोडील? रानीचा तोंड तर जसाच्या तसा हाय."

बू मजीदनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बेटी, तू काय म्हणतेस?"

"दोन दिस द्या, शेख साहेब. परवापतूर."

परवानगी मिळाली. झुलेखानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे पर्समधून पातळ कागद काढून राजाच्या फुटक्या तोंडावर धरला आणि वरून पेन्सिल आडवी घासली. घावांचा ठसा कागदावर उतरला. मग खोल घावाच्या कोपऱ्यात नख घालून तिनं काहीतरी काढलं आणि रुमालात बांधलं. मला दाखवायची तसदी घेतली नाही.

संशय घ्यायचा तर मी उस्ताद हारूनवर घेतला असता. हा दगड मिसरचा आहे, मिसरला परत गेला पाहिजे, यावरून त्यांचं आणि बू मजीदचं दर शुक्रवारी जेवताना भांडण व्हायचं. म्हणून अंगणात मी त्यांना गाठलं. आठ वर्षांत माझं अरबी कामापुरतं झालं होतं. पण विचारायच्या आधीच माणूस रडायला लागला.

"तुम्हाला वाटतं हे चित्र आहे," ते म्हणाले. "घर सजवायला कोरलंय. नाही. आमचे जुने लोक राजाला दगडात कोरत ते त्याच्या रूहला, आत्म्याला, बसायला जागा हवी म्हणून. शरीर सडेल, दगड सडणार नाही. म्हणून हजार वर्षं, दोन हजार वर्षं, राजा कसाही असो, म्हातारा असो की लंगडा, कोरायचा तो तरणा, सरळ नाकाचा, शांत. चौकोन आखून, मापानं. ते तोंड त्याचं नसायचंच, ते कायम टिकणाऱ्या राजेपणाचं तोंड असायचं. आणि मग हा एक आला, अखेनातेन. म्हणाला, सगळे देव बंद, एकच सूर्य. आणि कारागिरांना म्हणाला, मला नव्या तऱ्हेनं कोरा."

त्यांनी हवेत बोटानं आकार काढला. लांब मान, सुटलेलं पोट, जाड मांड्या. "पाहिलंत ना शिळेवर? राणीसुद्धा तशीच. लांब हनुवटी, ओघळलेला गाल. त्यांना वाटलं असेल, ज्याचा देव वेगळा त्याचं शरीरही वेगळं दिसावं. आणि तो हात पाहिलात, नाकाशी धरलेला? त्या हातात जीव आहे. सूर्य राजाच्या नाकात श्वास घालतोय."

शेजारी उभ्या असलेल्या झुलेखाला मी सगळं सांगितलं.

"त्यांना इचारा," ती म्हणाली, "राजाचा तोंड पन लांब हनुवटीचा होता काय?"

उस्ताद हारून हळूच म्हणाले, "नव्हतं. तेच मला झोपू देत नव्हतं. शरीर नव्या तऱ्हेचं आणि तोंड जुन्या तऱ्हेचं, सरळ नाक, तरणंबांड. म्हणून तुम्ही काढलेल्या फोटोबरोबर मी बैरुतला पत्र लिहिलं. म्हणून तर प्रोफेसर येतायत. गेल्या शुक्रवारी त्यांचं उत्तर बू मजीदनी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं."

"सगल्यांना म्हंजे कोना कोनाला?" झुलेखानं विचारलं.

४

घरी आल्यावर मी शर्ट काढला आणि ओरडलोच. बाही वाळली होती आणि तिच्यावर पांढरट, खरखरीत डाग पडला होता.

"धुवायला टाक तो," मी म्हणालो.

"शर्ट तसाच ऱ्हाऊ दे," झुलेखा म्हणाली आणि तो घडी करून कपाटात ठेवून दिला. भावाच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलं असं मला वाटलं, आणि बायकोशी वाद घालण्यात अर्थ नसतो म्हणून मी गप्प बसलो.

शनिवारी सकाळी तिनं मला कामाला लावलं. शिळेच्या निगेटिव्हवरून मी दोन मोठे प्रिंट काढले, एक राजाच्या तोंडाचा आणि एक त्याच्या नावाचा. राजाचं नाव लांबट वेटोळ्यात कोरलेलं होतं, पण ते पहिल्यापासून फुटलेलंच होतं. बोटीत आदळआपट झाली असेल, असं झहूर सेठनं तेव्हा सांगितलं होतं.

झुलेखानं नावाचा प्रिंट टेबलावर ठेवला. त्याच्या शेजारी कालचा ठसा ठेवला, राजाच्या फुटक्या तोंडाचा. मग भिंग माझ्या हातात दिलं.

"घाव बगा."

मी पाहिले. नावावरचा प्रत्येक घाव बोटभर रुंद होता आणि प्रत्येकाच्या मधोमध केसाएवढी एक उभी कड राहिलेली होती. छिन्नीच्या धारेला खाच असली की असं होतं. मग मी तोंडाचा ठसा पाहिला. बोटभर रुंद घाव आणि मधोमध तीच कड.

"एकच छिन्नी," मी म्हणालो.

"एकच छिन्नी. एकच मानूस. आन नाव तर तुमच्या फोटोत महिन्यामागंच फुटलेला हाय. बोटीत आपटून कोन असा एकेक अक्षर शोधून फोडतो?" तिनं रुमालाची गाठ सोडली. आत नखभर पांढरा, भुसभुशीत चुरा होता. "फोडलेल्या तोंडाचा दगड मी बगितला. ताजा फोडला तर आतून शुभ्र निगाला आसता. तो मधासारका पिवला झालाय, जुन्या दातासारका. हा पांडरा चुरा नुस्ता फटीफटीत व्हता."

मला अजून उलगडत नव्हतं. झुलेखा माझ्याकडे पाहत होती आणि तिचा चेहरा असा झाला होता की मला एकदम भीती वाटली.

"अवो, राजाचा तोंड काल नाय फुटला," ती म्हणाली. "ज्यानं फोडला त्याला मरून हजारो वरसं झाली."

५

हळूहळू सगळं डोक्यात शिरायला लागलं. राजाच्या दुष्मनांनी त्याच्या मरणानंतर त्याचं नाव आणि तोंड छिन्नीनं खरवडलं होतं. शिळा या मुलखात आली ती तशीच बिनतोंडाची. बिनतोंडाच्या राजाला कोण विचारतो? म्हणून कोणीतरी त्यावर प्लास्टरचं नवं तोंड बसवलं. मी फोटो काढला तो त्या तोंडाचा. आणि प्रोफेसर आले की खोटं उघडं पडणार, म्हणून त्यांचं पत्र ऐकलेल्या कोणीतरी ते तोंड पाण्यानं सोडवून खिशात घालून नेलं.

"पण तोंड बसवलं कोणी?"

झुलेखानं दुसरा प्रिंट पुढे केला. राजाच्या लांब मानेवर एक बारीक आडवी रेघ होती. "तडा गेलाय," मी म्हणालो.

"तडा मानेवरच थांबतो काय? दगडाला कालजी हाय, बाहेर जायाचा नाय म्हनून? ही एका कडेपासून दुसऱ्या कडेपतूर मारलेली हाय. नेमकी." तिनं रेघेवर नख टेकवलं. "आशी रेघ मी सोता एकाला मारून दिलीय."

नूरी गवंडी दुपारी त्याच्या खोलीवर सापडला. भिंतीवर त्याचाच फोटो होता, गळ्यावर रेघ मारलेला. झुलेखानं राजाचा प्रिंट त्याच्यापुढे धरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"राई म्हनतात त्या भागातल्या वखारीत केला मी," तो म्हणाला. "एक चित्र दिला होता माना, तसा कर बोलला. माना ठावं नवता, आपा, की हा खरा म्हनून इकायचा हाय. बंगल्याची शोभा हाय आसा बोलला. जुन्या दगडाला काय व्हऊ नये म्हनून आदी सरसाचा हात दिला, वर प्लास्टर. सांगितला पन, पानी लागू देऊ नका, सुटंल."

"आन रेघ?"

नूरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी वेलबुट्टी काढनारा मानूस. पानं, फुलं, द्राक्षं. मानसाचा तोंड कदी केला नवता. हा करत गेलो, करत गेलो, आन शेवटी डोले केले तेव्हा तो माज्याकडं बगाया लागला. खरा सांगतंव. वर तो सूर्याचा हात त्याच्या नाकाशी. माना वाटला, आता हा श्वास घेनार. कयामतीच्या दिसाला अल्ला बोलंल, केलास ना, आता घाल जीव. मी काय जवाब देऊ? म्हनून गला कापला त्याचा."

बाहेर कोणीतरी पिंप गडगडत नेत होतं.

"कोनी करायला सांगितला, नूरीभाय?" झुलेखानं विचारलं.

नूरीनं मान हलवली. "नाव नाय घेत. माजा पासपोर्ट त्याच्याकडं हाय."

"नको घेऊ," झुलेखा म्हणाली. "त्याचा नाव माज्या कपाटात घडी करून ठेवलाय. तू फक्त उद्या माज्यासंगं ये."

६

रविवारी सकाळी त्याच थंडगार खोलीत आम्ही सगळे जमलो. प्रोफेसरांचं विमान दुपारचं होतं. महबूबची पत्र्याची पेटी बांधून दाराशी ठेवलेली होती. नूरी भिंतीला पाठ लावून उभा होता. झहूर सेठनं त्याला पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

झुलेखानं दोन्ही प्रिंट आणि ठसा मांडला आणि एकेक गोष्ट सांगत गेली. कपच्या नव्हत्या, कारण दगड फुटलाच नव्हता. फरशी ओली होती, कारण प्लास्टर पाण्यानं सोडवलं होतं. छिन्नी एकच आणि ती जुनी. तोंड नवं, आणि गळ्यावरची रेघ सांगते की ते करणारा हात मुसलमान कारागिराचा. बू मजीद भिंग घेऊन शिळेपाशी गेले आणि खूप वेळ तिथेच राहिले.

"अच्छा," झहूर सेठ म्हणाला, "मान लिया. मुझे भी किसी ने ठगा होगा काहिरा में. लेकिन परसों चेहरा किसने निकाला? सब तो मस्जिद में थे."

"उस्तादजींनी काडला नाय," झुलेखा म्हणाली. "त्यांना तर ता तोंड प्रोफेसरला दाखवायचा होता. महबूबभायला कळला आसता की वरचा तोंड खोटा हाय, तर त्याला खुशी झाली आसती आन त्यानं गावभर सांगितला आसता. मशिदीत तो येऊन बसला आन मग कोन उठून गेला, तुमी सांगा सेठ."

"वुजू टूट गया था मेरा. इसमें क्या—"

"भिजून आलात तुमी. वुजूचाच पानी समजले सगले." तिनं पिशवीतून माझा निळा शर्ट काढला. "या बाहीला तुमची बाही लागली. वुजूच्या पान्याचा डाग पडत नाय. हा बगा डाग. आन हा रुमालातला चुरा बगा. दोन्ही एकच हायेत."

शर्ट हातोहात फिरला. माझा साधा शर्ट, आणि बू मजीद तो शिळेपेक्षा जपून धरत होते. झहूर सेठ हसायचा प्रयत्न करत होता. "एक दाग से—"

"मी केला ता तोंड," नूरी एकदम म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "या मानसानं करून घेतला. पानी लावू नका, ता मी याला बोललो होतो. माजा पासपोर्ट ठेव, नायतर जालून टाक. मी केला."

झहूर सेठ दाराकडे वळला. दारात महबूब उभा होता. त्यानं हात लावला नाही, फक्त बाजूला झाला नाही. पुढचं पोलिसांनी केलं आणि नूरीचा पासपोर्ट त्याच संध्याकाळी त्याच्या हातात आला.

पण ती सकाळ मला आठवते ती झहूरसाठी नाही. गडबड संपल्यावर उस्ताद हारून शिळेसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी नूरीला शेजारी बसवलं. नूरीला वाटलं, आता हा माणूस शिव्या देणार.

"ज्यानं राजाला कोरलं," उस्ताद म्हणाले आणि बू मजीद एकेक वाक्य हिंदीत सांगत गेले, "त्याला खात्री होती की या नाकातून श्वास आत जाईल. ज्यानं नंतर छिन्नी चालवली त्यालाही तीच खात्री होती, नाहीतर दगडाच्या नाकावर कोण एवढे घाव घालतो? राणीला सोडलं, नेमकं राजाचं नाक आणि नाव घेतलं. माणूस मारायचा होता त्याला, मेलेला माणूस पुन्हा मारायचा. आणि तीन हजार वर्षांनी तू. तुलाही तेच वाटलं. तू त्याचा गळा कापलास. म्हणजे त्या पहिल्या कारागिरानं काम किती खरं केलं असेल, बघ."

नूरीनं पहिल्यांदा मान वर करून त्या फुटक्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही सगळेच पाहत होतो. सूर्याचा हात अजूनही तिथेच होता, जीव पुढे धरून. महबूबनं चादर उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मी फोटोवाला माणूस, हजारो तोंडं पाहिलीत, पण ज्याच्याकडे नुसतं पाहून गप्प व्हावं असं तोंड मी तेवढं एकच पाहिलं आणि ते नव्हतंच तिथे.

दुपारी प्रोफेसर आले. आता ही शिळा खरी आहे, एवढंच ते म्हणाले.

७

महबूबची पेटी पुन्हा आत गेली. बू मजीदनी त्याला समोर बसवून सांगितलं, काय हवं ते माग. घरी जायची सुट्टी, बायकोला इकडे आणायचे कागद, जे हवं ते.

"माना काय नको," महबूब म्हणाला. "शुक्रवारी मी मशिदीतनं बाहेर आलो आन सगल्या फिंतासनं आयकला की मी घर फोडनारा हाय. तीन दिस माशेवाला पन सलाम घेत नवता. जितं ता आयकला, तितं ता पुसा."

बू मजीद मोठे माणूस. गड्याची माफी मागायला चारचौघांत उभं राहायचं म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. पुढच्या शुक्रवारी झुलेखाला घेऊन मी मुद्दाम फिंतासला गेलो. नमाज संपली, लोक उठायला लागले आणि बू मजीद पहिल्या रांगेतून उठून सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या हातात कागदाचा तुकडा होता. दहा वर्षं ते त्याला नुसतं महबूब म्हणत आणि गाव त्याला हिंदी, म्हणजे हिंदुस्तानी, म्हणत असे. पूर्ण नाव त्यांनी आदल्या दिवशी झुलेखाकडून लिहून घेतलं होतं.

"महबूब बिन दाऊद परकार," त्यांनी वाचलं. "दाभोळचा. याचे वडील मशिदीत अजान देत. याच्यावर मी खोटा आळ घेतला. चूक माझी होती. तुम्ही साक्षी आहात."

महबूब माझ्या शेजारी बसला होता आणि तिन्ही दिवसांत ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं तो माणूस गुडघ्यावर मुठी दाबून हमसून रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण माझंही काही ठीक नव्हतं.

मग फिंतासचा एक म्हातारा कोळी उठून त्याच्यापाशी आला. हा माणूस दहा वर्षं दर शुक्रवारी त्याच्याच रांगेत बसत होता. त्यानं महबूबचा हात हातात घेतला आणि विचारलं, दाभोळ कुठल्या समुद्रावर येतं?

महबूबनं डोळे पुसले आणि अंगठ्यानं दाराबाहेर दाखवलं. दाराबाहेर समोर पाणी दिसत होतं. म्हातारा तिथेच त्याच्यासमोर मांडी घालून बसला आणि तिकडे मासे कोणते मिळतात ते विचारायला लागला. अजून दोघंतिघं येऊन बसले. बू मजीदच्या घरी झुलेखाचं जेवण निवत होतं, पण त्यांना उठवायला मी गेलो नाही.